जुन्या प्रोसेसरची पारख

संगणकाच्या प्रोसेसरविषयीं कारखानदारानें एक आंकडा नमूद केलेला असतो. सेकंदास किती ठोक्यांच्या तालावर तो काम करील, याची ती ग्वाही होय. ३.५ गिगाहर्ट्झ असें लिहिलें असेल, तर सेकंदास साडेतीन अब्ज ठोके. बेरजा करणें, तुलना करणें, चित्रें रेखाटणें हीं सर्व कामें या तालावर चालतात. हा ताल नमूद आंकड्यापेक्षां जाणूनबुजून जलद करणें यास इंग्रजींत 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. आमच्या शाळेंतील मुलें यास 'वेग चढविणें' म्हणतात. शब्द सोपा आहे व अर्थास धरून आहे. म्हणून मीहि तोच वापरतों.

पालकवर्गांत या उद्योगाविषयीं दोन मतें आढळतात. कित्येकांस तो निव्वळ पोरखेळ वाटतो, तर कित्येकांस यंत्राचा छळ वाटतो. दोन्ही मतांत थोडें तथ्य आहे. केवळ आंकडा मोठा दिसावा म्हणून जे प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओततात (२०११ सालीं एएमडी कंपनीच्या एफएक्स-८१५० या प्रोसेसरास अशाच रीतीनें ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेलें होतें), त्यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. मला सांगावयाचें आहे तें अशा घरांविषयीं, जेथें नवें यंत्र घेण्याची ऐपत नाहीं, जुनेंच घ्यावयाचें आहे, आणि त्या जुन्यांतून रुपयामागें चार आणे अधिक काम कसें निघेल हा प्रश्न घरखर्चाच्या वहीशीं जोडलेला आहे.

१९९८ च्या १ जुलैस अकोला जिल्ह्यांतून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच सालच्या ऑगस्टांत इंटेल कंपनीनें 'सेलेरॉन ३००ए' नांवाचा एक स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणिला. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं. परंतु माझ्या स्मरणांत त्या शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. त्या काळीं प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकारानें ठरे: एक मदरबोर्डाचा मूळ ठोका आणि दुसरा प्रोसेसरांत पक्का बसविलेला गुणक. ३००ए चा गुणक साडेचार आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झच्या थोडा वर, गुणाकार ३००. परंतु इंटेलच्याच ४४०बीएक्स या संचावर बांधलेल्या मदरबोर्डांत मूळ ठोका १०० करण्याची सोय होती. तो १०० केला कीं हाच स्वस्त प्रोसेसर ४५० वर धांवे, म्हणजे त्याच सुमारास निघालेल्या व किंमतीनें कितीतरी पट महाग अशा पेंटियम-२ च्या जोडीनें. अबिट कंपनीच्या बीएच६ या बोर्डावर तर पेटी उघडण्याचेंहि कारण नसे. पडद्यावरील यादींत आंकडा बदलला कीं काम झालें. सर्वच ३००ए असे धांवत असें नव्हे, पण पुष्कळ धांवत.

हें शक्य कसें होतें, तें समजण्यास आपल्या बाजार समितीचें आवार पुरेसें आहे. एकाच शेतांतील सोयाबीन, पण आर्द्रता पाहून, दाणा पाहून त्याची प्रतवारी होते व भाव वेगवेगळा लागतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेंकडों प्रोसेसर एकदम तयार होतात. ते सारखे दिसले तरी सारखे नसतात. प्रत्येकाची परीक्षा होते, आणि जो जेवढा वेग खात्रीनें सोसतो तेवढा आंकडा त्याच्या वांट्यास येतो. पण गिऱ्हाईक जर स्वस्त मालच अधिक मागूं लागलें, तर कारखानदार चांगल्या दाण्यावरहि हलका शिक्का मारून विकतो. तेव्हां नमूद आंकडा हें कारखानदाराचें वचन आहे. ती त्या प्रोसेसरची शक्तिमर्यादा नव्हे. वचनापलीकडे किती आहे, हें ज्यानें त्यानें पाहावयाचें.

जेथें असें कांहीं फुकट पडलेलें असतें तेथें लबाडहि जमतात. त्याच दशकांत कित्येक व्यापारी हलक्या प्रोसेसरवरील आंकडा खरवडून मोठा आंकडा छापीत व महाग म्हणून विकीत. ही फसवणूक हें गुणकास कुलूप लावण्याचें एक मोठें कारण ठरलें. २००० सालीं निघालेल्या एएमडीच्या ड्यूरॉनवर मात्र हें कुलूप इतकें भाबडें होतें कीं, पृष्ठभागावरील तुटक सोनेरी रेघा शिसपेन्सिलीनें जोडल्या म्हणजे तें उघडे! पेन्सिलींतील ग्राफाइट वीज वाहून नेतें, हें आपण आठवींत शिकतों. त्याचा याहून मौजेचा उपयोग मला ठाऊक नाहीं. पुढें २०११ पासून इंटेलनें मूळ ठोक्याशीं संगणकाचे इतर मार्गहि जखडले. तेव्हांपासून त्या कंपनीच्या बहुतेक स्वस्त प्रोसेसरांवर हा उद्योग जवळजवळ संपला. ज्याच्या नांवापुढें 'के' अक्षर असेल तो प्रोसेसर आणि त्यास साजेसा महाग बोर्ड, एवढ्यांपुरताच तो उरला.

गेल्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातीं आल्यावर मालेगांव तालुक्यांतील एक शेतकरी आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. मुलगा आमच्या शाळेंत अकरावींत आहे; त्यास पुढें अभियांत्रिकीकडे जावयाचें आहे व यंत्रभागांचीं त्रिमिति चित्रें काढण्याचा त्याला नाद आहे. धाकटी बहीण आठवींत. घरांत आजवर संगणक आलेला नव्हता. वडिलांनीं पंधरा हजार रुपये बाजूस काढिले होते, आणि हे गेले तर पुढच्या हंगामापर्यंत दुसरे येणार नव्हते. त्यामुळें मुलाच्या तोंडीं वेग चढविण्याची भाषा येतांच ते अस्वस्थ झाले.

"मास्तर, हे पोट्टं काय मनते ते मले तं काही उमगत नाही," ते मला म्हणाले. "कारखान्यावाल्यानं जेवढं लिहून देलं तेवढंच काम घ्या ना त्याच्यापासून! बैलाच्या अंगात नसल तं पराणी टोचून काय होते? आन् हे चोरी तं नाही ना?"

प्रश्न सरळ होता व त्याचें सरळ उत्तर देणें प्राप्त होतें. मीं सांगितलें, "भाऊ, चोरी नव्हे. २०१७ पासून एएमडीनें आपल्या रायझन नांवाच्या घरगुती प्रोसेसरांचा गुणक बहुतेक आपण होऊन खुला ठेविला आहे. मात्र वेग चढविल्यानें नुकसान झालें तर हमी मिळत नाहीं, असें कंपनीचें स्पष्ट म्हणणें आहे. वस्तु तुमची, जोखीमहि तुमची." त्यावर मुलगा हळूच म्हणाला, "सर, ज्या चाकरानें धन्याचें धन जमिनींत पुरून ठेविलें, त्याच्यावर धनी रागावला, असें तुम्हींच वर्गांत सांगितलें होतें." शास्त्रपाठाचा असा उपयोग होईल, असें मला वाटलें नव्हतें! मीं त्याला एवढेंच म्हटलें कीं, "त्या चाकराला हिशेब द्यावा लागला, तसा तूं वडिलांना देशील काय?" तो "हो सर" म्हणाला, आणि आम्ही तिघे यादी करावयास बसलों.

त्याच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला अकोल्याच्या एका दुकानदारानें सुचविलेला: आय५-२४०० हा प्रोसेसर व एच६१ जातीचा बोर्ड. हा सर्वांत स्वस्त. परंतु या बोर्डावर वेग चढविण्यास वाव जवळजवळ नाहीं, आणि दोन्ही वस्तु २०११ च्या काळांतल्या. दुकानदार त्यास 'नवाच' म्हणत होता, कारण खोका नवा होता. दुसरा मार्ग पेंटियम जी३२५८. पेंटियम या नांवास वीस वर्षें झालीं म्हणून इंटेलनें २०१४ सालीं हा स्वस्त प्रोसेसर गुणक खुला ठेवून काढिला. छापील वेग ३.२, आणि चांगल्या हाताखालीं तो ४.४ च्याहि वर जाई. वेग चढविणाऱ्यांचा तो लाडका, आणि मुलाचें मन त्यावरच बसलें होतें. तिसरा, २०१८ च्या फेब्रुवारींत निघालेला रायझन ३ २२००जी. छापील वेग ३.५, थोड्या वेळापुरता ३.७, चढवून फार तर ३.९ किंवा ४.

"सर, ४.४ कोठें आणि ३.८ कोठें!" मुलगा म्हणाला.

येथें मीं त्याला आपल्याच भागांतील एक गोष्ट सांगितली. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत झाला. अमेरिकेचा महासंगणक भारतास मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व तिची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांनीं एकच अतिवेगवान प्रोसेसर शोधीत बसण्याऐवजीं 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे, बाजारांत मिळणारे लहान प्रोसेसर अनेक जोडले, काम त्यांच्यांत वांटून दिलें, आणि १९९१ सालीं 'परम ८०००' उभा केला. एका बैलाला पळवून जें नांगरट होत नाहीं तें चार बैलांच्या औतानें होतें. जी३२५८ मध्यें गाभे दोन. २२००जी मध्यें चार. एका वेळीं चित्राचें काम, वहिनीसारखी मागें चालणारी इतर खटपट, बहिणीचा अभ्यास, इतकें सर्व दोन गाभ्यांवर किती लादणार? शिवाय २२००जी च्या अंगांतच चित्रें रेखाटणारा भाग बऱ्यापैकीं सबळ आहे, म्हणजे निराळें ग्राफिक्स कार्ड नको. ही बचत ऐकतांच वडिलांनीं प्रथमच मान डोलावली.

आतां मदरबोर्ड. माझ्या मतें पारख खरी येथेंच लागते, आणि मुलें नेमकें येथेंच दुर्लक्ष करतात. २२००जी हा ए३२० जातीच्या स्वस्त बोर्डावर बसतो, चालतोहि. पण त्या बोर्डावर गुणक बदलूं देत नाहींत. बी३५० किंवा बी४५० पाहिजे. त्यांतहि प्रोसेसरला वीज पुरविणारे जे भाग खोबणीच्या बाजूस असतात, त्यांवर उष्णता पसरविणारा धातूचा ठोकळा बसविलेला आहे कीं नाहीं, तें पाहावें. जास्त वेग म्हणजे जास्त वीज, आणि ती याच भागांतून जावयाची. शिवाय बोर्ड हा प्रोसेसरपेक्षां अधिक टिकाऊ गुंतवणूक आहे. २०२२ सालीं निघालेला रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, बोर्डाचा बायोस अद्ययावत् केल्यास, बी४५० वर चालतो. दोनतीन हंगामांनीं पैसे आले तर केवळ प्रोसेसर बदलावा.

नागपुराहून एक जुना बी४५० बोर्ड प्रोसेसरसह मिळाला, तेव्हां तो पाहावयास वडील स्वतः आले. बैलबाजारांत आयुष्य गेलेला माणूस. विकणाऱ्याचें बोलणें त्यांनीं ऐकूनच घेतलें नाहीं. मला विचारलें, "याचे दात कोठी पाहाचे?" मीं दाखविलें: धारकांचीं टोपणें सपाट आहेत कीं फुगलेलीं, कोठें जळाल्याचा काळा डाग आहे काय, मागील बाजूस ओरखडा पडून रेघ तुटली आहे काय. या जातीच्या प्रोसेसरला पोटाखालीं एक हजाराहून अधिक सुया असतात. भिंगाखालीं एक सुई वांकलेली दिसली. पोकळ टोंकाच्या यांत्रिक पेन्सिलीनें ती सावकाश सरळ करतां येते, पण किंमत कमी करण्यास तेवढें निमित्त पुरलें. तो मोलभाव वडिलांनीं केला व फारच उत्तम केला. शेवटीं त्यांनीं विकणाऱ्याला विचारलें, "याले किती पळवलं?" तो गडबडला, मग म्हणाला कीं, एक वर्ष चार गिगाहर्ट्झवर चालविला आहे. हें त्यानें आपण होऊन सांगावयास हवें होतें. तथापि विचारल्यावर लपविलें नाहीं, यास्तव सौदा मोडला नाहीं.

वांचलेल्या पैशांतून आठ जीबीची एक मेमरी घेण्याऐवजीं चार चारच्या दोन घेतल्या. दोन घेतल्यानें दोन वाटा खुल्या होतात, आणि अंगच्या चित्रभागास त्याचा मोठा लाभ होतो. एक लहान एसएसडी घेतली. खरें सांगावयाचें तर, पुढें वेग चढवून जें मिळालें त्यापेक्षां या दोन वस्तूंनीं अधिक दिलें. विंडोज ११ च्या मान्य यादींत २२००जी नाहीं, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. म्हणून लिनक्स घातलें. त्यास पैसे पडत नाहींत.

वेग चढविण्यापूर्वीं मीं मुलाकडून एक उदाहरण सोडवून घेतलें, तें दहावीच्या विद्यार्थ्यांसहि सुटेल. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणांत वाढते, आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दहा टक्के वाढवावयाचा, व तो साधण्यास दाबहि दहा टक्के वाढवावा लागला, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३१, म्हणजे काम दहा टक्के अधिक, पण वीज आणि उष्णता तेहतीस टक्के अधिक. आतां डिसेंबरांत आमच्या जुन्या इमारतीच्या जाड भिंतींच्या खोलींत तपमान २० अंश असतां, पूर्ण भारावर प्रोसेसर ६५ अंशांवर स्थिरावला. खोलीपेक्षां ४५ अधिक. तेहतीस टक्क्यांनीं हे ४५ वाढून ६० होतील. २० मध्यें मिळवून ८०. चालेल. परंतु मे महिन्यांत टिनाच्या छपराखालीं ४२ अंश असतांना? १०२. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. त्यापुढें तो आपला वेग आपणच कमी करतो. थंड देशांतील लोक पंचवीस अंशांच्या खोलींत बसून जे आंकडे छापतात, ते वऱ्हाडच्या उन्हाळ्यास लागू नाहींत. हा विचार ज्यानें त्यानें आपल्या छपराखालीं बसून करावा.

पहिले पंधरा दिवस सर्व सुरळीत चाललें. मुलानें प्रोसेसर ३.८ वर नेला. मग त्याला मेमरीचाहि मोह झाला. २४०० ची मेमरी त्यानें ३००० वर नेली, आणि संगणक सुरू झाला एवढ्यावरच समाधान मानलें. जानेवारींत विज्ञानप्रदर्शनासाठीं बहिणीनें विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते व चित्रें तीन आठवडे खपून तयार केलीं होतीं. आदल्या रात्रीं ती फाईल उघडेना. जुन्या प्रती पाहिल्या, त्यांतहि आंकडे भलतेच. संगणक एकदांहि बंद पडला नव्हता, एकहि सूचना त्यानें दिली नव्हती. तो मुकाट्यानें चुकीचें लिहीत गेला होता. बंद पडणारें यंत्र परवडतें, कारण तें आपली अडचण सांगतें. मुलीनें रात्रभर जागून पुठ्ठ्यावर हातानें तक्ते काढिले. दुसरे दिवशीं ती भावाशीं बोलत नव्हती.

वडील माझ्याकडे आले, पण रागावलेले नव्हते. ते म्हणाले, "बैल लंगडला तं दिसते तरी. हे कसं पाहाचं?"

याला उपाय आहे, आणि तो एका धर्मगुरूच्या नांवाशीं जोडलेला आहे, हें सांगतांना मला थोडा आनंद होतो. मेरीं मर्सेन हे सतराव्या शतकांतील फ्रेंच मठवासी. दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केल्यास मूळ संख्या येते, याची यादी त्यांनीं १६४४ सालीं दिली. तींत ६७ व २५७ हे घात चुकून आले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. या चुका दुरुस्त व्हावयास दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. अशाच संख्या शोधण्याचें काम आज जगभरचे हौशी लोक 'प्राइम९५' या कार्यक्रमाच्या साह्यानें करतात, आणि २०२४ सालीं त्यांना ४,१०,२४,३२० अंकांची एक संख्या मिळाली. हा कार्यक्रम प्रोसेसरला इतकें अवघड गणित देतो, आणि त्याचें उत्तर आधींच ठाऊक असलेल्या उत्तराशीं इतक्या कांटेकोरपणें ताडून पाहतो, कीं एक अंक चुकला तरी तो तत्काळ थांबतो. मेमरीसाठीं 'मेमटेस्ट८६' हा निराळा कार्यक्रम आहे. दोन्ही रात्रभर चालवावयाचे. ३००० वरील मेमरीनें मेमटेस्टाच्या पहिल्या दहा मिनिटांतच चुका दाखविल्या. २६६६ वर आणल्यावर रात्रभरांत एकहि नाहीं. प्रोसेसर ३.८ वर निर्दोष ठरला.

पण परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न उरला होता. आणि तो घरांतच सुटला. बहिणीनें अट घातली कीं, आंकडा बदलण्यापूर्वीं तिला विचारावयाचें, रात्रभरची परीक्षा तिच्यासमोर लावावयाची, व सकाळीं निकाल तिनें पाहावयाचा. बदलाच्या आदल्या दिवशीं तिच्या सर्व फाईली पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह आईच्या डब्यांत ठेवावयाचा. भावानें तें मान्य केलें. मार्चच्या अखेरीस त्यांच्या घरीं गेलों तेव्हां तिनें वही दाखविली: तारीख, खोलीचें तपमान, प्रोसेसरचें तपमान, वेग, मेमरी, निकाल. खोली ३६ वर गेली त्या दिवशीं तिनें वेग ३.८ वरून ३.५ वर आणविला होता, आणि शेरा लिहिला होता, "पहिला पाऊस पडेपर्यंत असाच."